कुत्र्याची घाण आजची आजच उचला!

समुद्रपूरकर बंधुभगिनींनो,

पाऊस लागला आहे. बागेत घसरगुंडीखाली चिखल आहे, घरांसमोर बांधकामाची रेती पडली आहे. संध्याकाळी त्या रेतीत लेकरं खोपे करतात, रात्री तिथंच कुत्री घाण करतात. दोन दिवसांत घाण विरघळते, दिसेनाशी होते. खरा धोका त्यानंतर सुरू होतो.

कुत्र्यांच्या, विशेषतः लहान पिलांच्या पोटात टॉक्सोकारा हे जंत असतात. त्यांचं अंडं केसाच्या जाडीएवढं. ताज्या घाणीतल्या अंड्यापासून बाधा होत नाही. ओल्या मातीत दोन ते चार आठवडे मुरलं, की त्यात अळी तयार होते. मग ते वर्षानुवर्षं तग धरू शकतं. फिनाईललाही दाद देत नाही. नखात काळी माती घेऊन लेकरानं मुरमुऱ्यांत हात घातला, की अंडं पोटात. अळी यकृतात, फुप्फुसांत जाते; क्वचित डोळ्यात शिरून नजर अधू करते. कुत्र्यांच्या हुकवर्म या दुसऱ्या जंताची अळी तर आठवडाभरातच तयार होऊन अनवाणी पायात शिरते. कातडीवर खाजरी, नागमोडी रेघ उठते. माणसांचा हुकवर्म उघड्यावरच्या शौचातून मातीत येतो, तसाच अनवाणी पायातून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो.

म्हणजे घाण पडल्यापासून माती बाधेपर्यंत काही दिवस आपल्या हातात असतात. तेवढ्यात हे करा :

१. हातात प्लास्टिकची पिशवी उलटी घालून घाण त्याच दिवशी उचला, गाठ मारून घंटागाडीत द्या. मातीत दाबू नका.

२. रेतीचा ढीग रात्री ताडपत्रीनं झाका.

३. पाळलेल्या कुत्र्याला, पिलांना पशुवैद्यकीय दवाखान्यातून जंताचं औषध द्या. भाद्रपदानंतर, दिवाळीच्या सुमारास गल्लोगल्ली पिलं होतील; लेकरं ती मांडीवर घेतीलच, तेव्हा आधीच सावध व्हा.

४. मुलांना चपलेशिवाय खेळू देऊ नका. नखं कापा. घरात शिरताच साबणानं हात धुवा.

५. राष्ट्रीय जंतनाशक दिन फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या १० तारखेला असतो. आपल्याकडं गोळी कधी मिळणार, ते आशाताईंना, अंगणवाडीताईंना विचारा. १ ते १९ वर्षांच्या एकाही मुलाची गोळी चुकवू नका. मात्र ही एक गोळी टॉक्सोकारावर पुरेशी नाही. लांबलेला ताप, खोकला असेल किंवा एका डोळ्यानं अंधूक दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मूल मातीत, पिलांत खेळतं, हेही आवर्जून सांगा.

कुत्र्यांना मारू नका, विष घालू नका. त्यांना जेवू घालायचं तर बागेपासून लांब घाला.

नगरपंचायतीला आपली विनंती : खेळण्यांभोवती कुंपण घाला, तिथली माती तपासून घ्या, मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि जंतनिर्मूलन एकत्र करा.

नगरपंचायत तिचं काम करेल तेव्हा करेल. आपल्या दारापुढची रेती मात्र आज रात्रीच झाकता येते.

आपलेच,
समुद्रपुरातले काही आईबाप