फिजिओथेरपिस्टचा पगार कोण ठरवतो?

नीटचा निकाल लागला की वस्तीतले आईवडील आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. एमबीबीएसला नंबर लागत नाही, बीएएमएसही लांबच दिसते, पण फिजिओथेरपीला मिळेल. घालावे का पोरीला? मग जरा संकोचून पुढचा प्रश्न येतो, पगार किती मिळतो? यात संकोच कशाला? कमावू शकणारे एक माणूस घरात चार-पाच वर्षे शिकत राहणार, तर शेवटी हातात काय पडेल हे विचारलेच पाहिजे. आमचे उत्तर असे असते की या क्षेत्रात पगार नुसत्या डिग्रीने ठरत नाही. पेशंट कोणाच्या ताब्यात आहे आणि सरकारी जागा किती भरल्या जातात, यावर तो ठरतो. या दोन्ही ठिकाणी आपला समाज मागे आहे, म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला.

अभ्यासक्रम सोपा नाही. बीपीटीएच आजवर साडेचार वर्षांचा होता, चार वर्षे शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तो पाच वर्षांचा होतो आहे. शरीररचना, मेंदू, मज्जातंतू, हाडे, हृदय, फुफ्फुसे, सगळे शिकावे लागते. लकव्याच्या माणसाला पुन्हा उभे करणे, ऑपरेशननंतर गुडघा वाकवणे, आयसीयूतल्या पेशंटच्या छातीतला कफ मोकळा करणे, ही त्यांची कामे. आम्ही वॉर्डात नोकरी केली, तेव्हा हे रोज पाहिले आहे. वस्तीत मात्र अजून त्यांना "मशीनचा शेक देणाऱ्या मॅडम" म्हणतात.

आता आकडे. आमच्या ओळखीतल्या मुलामुलींना खासगी दवाखान्यात पहिली नोकरी लागली ती महिना बारा ते अठरा हजारांवर. मुंबई-पुण्यात थोडे जास्त, पण तिथे खोलीभाडे आणि लोकलचा पास वजा केला की हिशेब तिथेच येतो. दुसऱ्या टोकाला केंद्र सरकारची नोकरी आहे. रेल्वेच्या २०२४ च्या भरतीत फिजिओथेरपिस्टचे मूळ वेतन ३५,४०० रुपये होते, वर महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळे. तीच डिग्री, तेच काम, आणि पगारात दुपटीहून जास्त फरक.

त्याच भरतीत नर्सिंगच्या पदाचे मूळ वेतन ४४,९०० रुपये होते, आणि त्याला जनरल नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा चालत होता. म्हणजे डिप्लोमावाली नर्स डिग्रीवाल्या फिजिओथेरपिस्टच्या एक पायरी वर. आम्ही स्वतः डिप्लोमावाल्या, आम्हाला याचे वाईट वाटण्याचे कारण नाही! पण हे आपोआप घडलेले नाही. नर्सेसनी वर्षानुवर्षे संघटना बांधल्या, मोर्चे काढले, संप केले, वेतन आयोगापुढे निवेदने दिली. फिजिओथेरपिस्ट संख्येने थोडे, विखुरलेले, आणि बरेचसे स्वतःचे क्लिनिक काढण्याच्या स्वप्नात. नावाआधी डॉक्टर लावायचे की नाही यावर त्यांच्यात जेवढी चर्चा होते, त्याच्या निम्मी जरी पगारावर झाली असती तर बरे झाले असते.

खासगी क्षेत्रात पेशंट सरळ फिजिओथेरपिस्टकडे क्वचितच जातो. हाडांचा किंवा मेंदूचा डॉक्टर चिठ्ठी देतो, तेव्हा जातो. चिठ्ठी ज्याच्या हातात, कमाईची किल्ली त्याच्याच हातात. काही ठिकाणी चिठ्ठीमागे टक्केवारी मागितली जाते. डॉक्टरांसाठी २००२ साली केलेल्या आचारसंहितेत पेशंट पाठवण्याबद्दल पैसे घ्यायला किंवा द्यायला स्पष्ट मनाई आहे, तरीही "कट" हा शब्द या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. घरी जाऊन उपचार करायचे तर मध्ये एजन्सी असते, ती आपला वाटा काढून घेते. ज्यांचे काका-मामा डॉक्टर आहेत, ज्यांच्या वडिलांचा रोटरीत उठबस आहे, त्यांना पेशंट मिळतात. आपल्या मुलांचे काका-मामा महापालिकेत झाडू मारतात किंवा माथाडी आहेत. त्यांच्या ओळखीत पाठ धरलेली माणसे भरपूर आहेत, पण चिठ्ठी देणारा कोणी नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी कॉलेजात कोणी शिकवत नाही. फिजिओथेरपी हे स्पर्शाचे काम आहे. पेशंटच्या पाठीवर, मानेवर, पायावर हात ठेवल्याशिवाय ते होतच नाही. होम व्हिजिटला गेलेल्या आमच्या मुलींना दारातच आडनाव विचारले जाते. आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतात, मग गावात कोणत्या बाजूला घर ते. एकीला तीन दिवसांनी फोन आला, उद्यापासून येऊ नका, दुसरी मॅडम मिळाली. कारण कोणी सांगत नाही, आणि सिद्धही करता येत नाही. पण महिन्याच्या शेवटी चार व्हिजिट कमी भरतात, तो आकडा खरा असतो. पगाराच्या चर्चेत अनुभव, शहर, स्पेशलायझेशन हे सगळे मोजले जाते. जात मोजली जात नाही.

मग आपल्याच वस्तीत क्लिनिक का काढू नये? काढावे, जरूर काढावे. उपचाराची गरज सगळ्यात जास्त इथेच आहे. उकिडवे बसून फरशी पुसणाऱ्या बाईचे गुडघे, कचऱ्याच्या गाडीवरच्या कामगाराची कंबर, पन्नाशीआधीच लकवा मारलेले पुरुष, हे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. पण दर वेळी तीनशे रुपये धरले, तर पंधरा वेळा यायचे साडेचार हजार होतात, शिवाय रोज बुडतो तो वेगळा. म्हणून माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून येईनासा होतो आणि हात-पाय आखडून बसतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा भर दवाखान्यात भरती होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. रोज येऊन करायच्या व्यायामाचा खर्च घरालाच सोसावा लागतो. एका गल्लीत लकव्याचा माणूस उपचाराविना आणि त्याच गल्लीत फिजिओथेरपीची पोरगी बेकार, असे आम्ही पाहतो. या दोघांना जोडू शकते ती सरकारी जागाच.

सरकारी पगार हा नुसता त्या पोरीचा प्रश्न नाही असे आम्ही म्हणतो ते यासाठी. राज्याच्या नोकरभरतीत अनुसूचित जातींना १३ टक्के आरक्षण आहे, पण जागा निघाली तर. जिल्हा पातळीवर बालकांच्या तपासणी केंद्रात आणि ज्येष्ठांच्या कार्यक्रमात फिजिओथेरपिस्टची पदे आहेत, ती राष्ट्रीय आरोग्य अभियानातली, कंत्राटी, अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशावर चालणारी. महापालिकेच्या दवाखान्यांत आता ठेकेदार आला आहे. ठेकेदार आरक्षण पाळत नाही आणि वेतनश्रेणीही देत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अभियानातले कंत्राटी कर्मचारी राज्यभर संपावर गेले, तेव्हा किती विहारांमधून त्यांना पाठिंब्याचे पत्र गेले? १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून मांडले होते, याची आठवण आपण जयंतीच्या भाषणात काढतो.

प्रवेश घेणाऱ्या घरांसाठी थोडे कामाचे. कॅप राउंडमधूनच प्रवेश घ्या. व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली तर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि खासगी कॉलेजची फी लाखाच्या घरात असते. जात वैधता प्रमाणपत्राला अकरावीपासूनच लागा. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करा. कॉलेजला इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन देता का, असे तोंडावर विचारा. बऱ्याच ठिकाणी ते सहा महिने फुकट राबवून घेतात. पास झाल्यावर राज्य परिषदेची नोंदणी ताबडतोब करा. नोंदणी नसलेले, चार महिन्यांचा कोर्स केलेले लोक निम्म्या पैशात मशीन चालवतात, त्यामुळे सगळ्यांचाच भाव पडतो. म्हणून वस्तीतल्या पेशंटनीही नोंदणी क्रमांक विचारावा.

नोकरी लागली की नेमणुकीचे पत्र लेखी मागा. दहा किंवा जास्त लोक कामाला असलेल्या हॉस्पिटलात पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागू होते. "डॉक्टर लोकांना ईएसआय नसते" असे सांगून आमच्या एका मुलीला गप्प बसवले होते. ती डॉक्टर असो वा नसो, पगार चौदा हजार होता.

परदेशाचेही लोक विचारतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत नवी नर्स आणि नवा फिजिओथेरपिस्ट एकाच पायरीवर, बँड ५ वर सुरुवात करतात. पण तिथली नोंदणी, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा यांचा खर्च आधी करावा लागतो. घरात तेवढी शिल्लक असेल त्यांनी जरूर प्रयत्न करावा.

बाकीच्यांनी या महिन्यात एक काम करावे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर फुकट, आपल्या महापालिकेला किंवा जिल्हा रुग्णालयाला माहिती अधिकारात चार प्रश्न विचारावेत. फिजिओथेरपिस्टची मंजूर पदे किती? भरलेली किती? त्यांतली कायम किती आणि कंत्राटी किती? अनुसूचित जातीचा अनुशेष किती? उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. आलेल्या उत्तराची झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, आम्ही ती याच पानावर जिल्हावार छापू.