लाल गोळी फळीवर, कंबरेची गोळी पोटात

आषाढात कोळवण खोऱ्यात भातलावणी सुरू झाली की दिवसभर चिखलात वाकून राहावे लागते. माणसे मिळत नाहीत, पाऊस थांबत नाही; मग पाचवा-सहावा महिना लागलेली बाईही लावणीच्या रांगेत उभी राहते. संध्याकाळी कंबर धरते. घरातले कुणीतरी मेडिकलमध्ये जाऊन ‘कंबरेची गोळी द्या’ म्हणते. कुणासाठी, ते कुणी सांगत नाही आणि दुकानदारही विचारत नाही. त्याच घरात आरोग्य केंद्रातून फुकट मिळालेल्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या फळीवर तशाच पडून असतात. का, तर ‘त्या गरम पडतात’.

गर्भारपणातल्या औषधांबद्दलची आपली भीती चुकीच्या जागी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंबरेची म्हणून मिळणारी गोळी बहुधा डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची असते, आणि पुष्कळदा त्यातच पॅरासिटामॉलही मिसळलेले असते. घरोघरी माहीत असलेल्या कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन असते. या गटातली औषधे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. विसाव्या आठवड्यानंतर ती बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करू शकतात. गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचेच बनलेले असल्याने ते कमी होते. तिसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायची रक्तवाहिनी आधीच आकसण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये याच कारणाने विसाव्या आठवड्यापासून ही औषधे टाळण्याचा इशारा दिला. रक्तदाबाचा धोका असलेल्या काही जणींना डॉक्टर ॲस्पिरिनची छोटी मात्रा देतात, ती गोष्ट वेगळी; ती मनाने बंद करू नये. दुखऱ्या जागी लावायच्या मलमातही हेच औषध असू शकते, तेव्हा तेही विचारूनच लावा.

मग दुखणे सोसायचे का? मुळीच नाही. नुसते पॅरासिटामॉल, लागेल तेवढेच आणि थोडे दिवस, हा आजही सर्वांत सुरक्षित पर्याय आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याचा संबंध स्वमग्नतेशी जोडला आणि आपल्याकडच्या मोबाइलवरही तो संदेश फिरला. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या अभ्यासात सुमारे २५ लाख मुलांची माहिती तपासली गेली होती. एकाच आईच्या मुलांची आपसात तुलना केल्यावर त्यात असा संबंध दिसला नाही. उलट अंगात ताप मुरवत ठेवणे बाळाला बाधू शकते. मात्र विसाव्या आठवड्यानंतर डोके सतत ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चेहऱ्यावर सूज असेल, तर गोळीने ते दाबू नका. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता ती पडून राहिलेली लाल गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० गोळ्या आणि बाळंतपणानंतर आणखी १८०, असा सरकारी कार्यक्रम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला, तरी ही गोळी ‘फुकटची’ म्हणून दुय्यम! तिने शौच काळी होते, कधी मळमळते, पोट साफ होत नाही. हे त्रास खरे आहेत. रात्री जेवणानंतर घेतली तर बऱ्याच जणींना सोसते. चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषले जात नाही. कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत नको, दोघींत दोन तासांचे अंतर हवे.

याउलट, जास्त म्हणजे चांगले असेही नाही. हे पुण्याच्याच संशोधनातून पुढे आले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी होते. ज्यांच्यात फॉलेट भरपूर पण बी-१२ अगदी कमी होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट काम करत नसल्याची चिन्हे सर्वाधिक दिसली. फॉलिक ॲसिड सोडा, असा याचा अर्थ नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी ते हवेच. पण तेव्हा रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरेसे असताना दुकानात सर्रास मिळणारी गोळी ५ मिलिग्रॅमची, म्हणजे बारापटीहून मोठी असते. ती कुणाला द्यायची हे डॉक्टरांनी ठरवावे. शाकाहारी घरातल्या बाईने तर बी-१२ बद्दल आवर्जून विचारावे.

पावडरीचे महागडे डबे आणि ‘नैसर्गिक’ पुड्या यांच्याबद्दल मला कमी सहानुभूती आहे. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सहा गर्भवतींच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले. ते भारतात बनलेल्या आयुर्वेदिक औषधांतून आले होते. सगळीच अशी नसतात. पण घटक न लिहिलेली पुडी या नऊ महिन्यांत घेऊ नये. डब्याच्या किमतीत शेंगदाणे, अंडी, दूध आणि परसातल्या पालेभाज्या कितीतरी दिवस पुरतात.

औषधविक्रेत्यांकडून माझी एकच अपेक्षा आहे. बाईसाठी वेदनाशामक मागितले, की ‘दिवस गेलेत का?’ एवढे विचारावे. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. आणि घरच्यांनी पुढच्या तपासणीला जाताना माता-बाल संरक्षण कार्डासोबत घरातल्या सगळ्या पट्ट्या, डबे, मलमे, पुड्या एका पिशवीत घालून न्याव्यात आणि डॉक्टरांपुढे टेबलावर रित्या कराव्यात.