जुने कपाट आणि उदार गिऱ्हाईक

नवे कपाट आले, की जुने आपण मोबाइलवर विकायला काढतो. फोटो टाकताच विचारणा सुरू होते, "लास्ट किती?" चार हजारांचे कपाट कुणी आठशेला मागतो. कुणी "संध्याकाळी येतो" म्हणतो आणि मग फोनच उचलत नाही. हा वैताग आपण सोसतो.

भीती आहे ती घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाची. तो वस्तू पाहायलाही येत नाही. लष्करात असल्याचे सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि म्हणतो, "कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." इथेच फोन ठेवावा. त्या कोडवर पिन टाकला, की पैसे आपल्याच खात्यातून जातात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरातल्या अम्मी-अब्बांना आणि मुलांनाही सांगून ठेवू या. "पैसे जमा झाले" असा मेसेज आला, तरी खात्यातली शिल्लक पाहिल्याशिवाय वस्तू देऊ नये.

गिऱ्हाईक घरी येणार असेल, तर घरात दोघे-तिघे असावेत. मिक्सर, सायकल अशा वस्तू वर्दळीच्या ठिकाणी द्याव्यात. आपणही चोख राहावे, कपाटाची बिजागरी सैल असेल तर ती आधीच सांगावी.

आणि फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, बँकेलाही कळवावे. जितकी घाई करू, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.