वळिवड्याचे पोलिश गुरुजी

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सैबेरिया-कझाकस्तानात हाकललेली ही माणसं इराणमार्गे इथवर आली. बहुतेक बायका आणि मुलं. छावणीत शाळा सुरू झाल्या, त्याही पोलिश भाषेतून! शिकवणारे बाई-गुरुजी स्वतःच बेघर. ज्या गावांची नावं नकाशात दाखवायची, त्यातली कितीतरी युद्धानंतर सोव्हिएत संघातच राहिली. बऱ्याच जणांना घरी परतताच आलं नाही. पुष्कळ जण इंग्लंडला गेले आणि तिथेच कुणाचे तरी आजी-आजोबा झाले.

आणि आपण? वीटभट्टीवरचं मूल वर्गात घरची बोली बोललं की लगेच "नीट बोल" म्हणतो. मला हे पटत नाही. पहिलीत त्याला त्याच्या बोलीत गोष्ट सांगू द्या की! प्रमाण मराठी येईल हळूहळू, एवढी घाई कशाला?

पालकांनो, घरात शिक्षक आजोबा असतील तर त्यांच्या वर्गात मुलं कुठल्या बोली बोलायची, ते मुलांना विचारायला सांगा. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश लोकांचं स्मारक आहे. यंदाची सहल तिकडे नेता येईल.