रांगोळीची रांग वाकडी झाली तेव्हा

सासूबाईंना मी अत्ती म्हणते. माहेर धारवाडकडचं, त्यामुळे पन्नास वर्षं बेळगावात काढूनही त्यांच्या तोंडी ठिपक्यांची रांगोळी 'चुक्की रंगोली'च राहिली. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी ठिपके देता देता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "साल डोंक आगेद नोड." मी पाहिलं. रांग सुतासारखी सरळ होती. "अत्ती, वय झालं आता," असं हसून म्हणत मी कुकर लावायला आत गेले. त्या हसण्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

वास्तविक सूचना आधीच मिळाली होती. 2019 साली मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, की डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध, म्हणजे मॅक्युलापाशी, पिवळसर ठिपके साठले आहेत. त्यांना ड्रूसेन म्हणतात. वयाबरोबर होणाऱ्या मॅक्युलाच्या झिजेची ही सुरुवात. ठिपके बारीक असतात तोवर काही जाणवत नाही; ते मोठे झाले की आजार मधल्या टप्प्यात जातो आणि तिथेही वर्षानुवर्षं रेंगाळतो. उन्हातून आत आल्यावर अत्तींना स्वयंपाकघर दिसायला वेळ लागायचा, पोथीला ट्यूबलाइट पुरायची नाही. आम्ही म्हटलं, पोरे परत आली असेल. आमच्याकडे डोळ्याचं काहीही झालं तरी ते पोरेच असतं!

या मधल्या टप्प्यापुढे दोन वाटा आहेत. कोरड्या वाटेने मधल्या पेशी हळूहळू मरत जातात. त्याला वर्षं लागतात. ओल्या वाटेने पडद्याखाली नाजूक, नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं, पडद्याला उंचवटा येतो आणि सरळ रेघ वाकडी दिसू लागते. ओला प्रकार दहा रुग्णांत एखाद-दुसऱ्यालाच होतो, पण तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत नजर नेतो. अत्तींचा उजवा डोळा त्याच वाटेला लागला होता आणि डावा त्याला सांभाळून घेत होता. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. सहा आठवड्यांनी न्हाताना डाव्या डोळ्यात शिकेकाई गेली. तो मिटून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तर माझ्या चेहऱ्याच्या जागी करडा डाग!

दुसऱ्याच दिवशी तपासणी झाली, पडद्याचा ओसीटी स्कॅन झाला, डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. आधी दर महिन्याला, मग अंतर वाढवत. (डोळ्यात सुई म्हटल्यावर घाबरले ते आमचे हे, अत्ती नव्हेत.) झिरपणं थांबलं, पण मधोमध व्रण राहिला. रांगोळीच्या त्याच आठवड्यात आला असता तर बरीच नजर वाचण्याची शक्यता होती, असं डॉक्टर शांतपणे म्हणाले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"पूर्ण अंधार होणार का?" हा अत्तींचा एकच प्रश्न होता. तसं होत नाही. या आजारात मधली नजर जाते, कडेची राहते. आता तर डाव्या डोळ्यातली कोरडी झीजही थोडी पुढे सरकली आहे. त्यामुळे उंबऱ्याशी पडलेली टाचणी त्यांना तिरक्या नजरेने दिसते आणि समोर बसलेल्या व्याह्यांचा चेहरा ओळखू येत नाही. यावरून आमच्या घरात "आजी नाटक करते" असंही बोललं गेलं. बोलणाऱ्याला मी डॉक्टरांकडे सोबत नेलं, तेव्हा ते थांबलं.

एका डोळ्याला ओला प्रकार झाला की दुसऱ्यालाही धोका असतो, म्हणून डाव्यावर आता पहारा आहे. नणंदबाई किलोकिलो गाजरं आणतात. त्यांचा हलवा छान होतो, एवढंच. डॉक्टरांनी जीवनसत्त्वं, जस्त आणि ल्युटिनच्या गोळ्या दिल्या आहेत. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात 2001 साली दिसलं, की मधल्या टप्प्यातल्या रुग्णांमध्ये अशा गोळ्यांनी आजार शेवटच्या टप्प्याला जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे 25 टक्क्यांनी कमी होतो. आजार त्यांनी बरा होत नाही. सिगारेट-बिडीने मात्र धोका नक्की वाढतो, हे घरातल्या पुरुषांनी वाचावं.

फ्रीजवर चौकटींचा कागद चिकटवला आहे, मध्ये एक ठिपका. दर रविवारी अत्ती चष्मा लावून, उजवा डोळा तळहाताने झाकून त्या ठिपक्याकडे पाहतात. मी विचारते, "साल ह्यांगदाव?" त्या सावकाश पाहतात, मला ताटकळत ठेवतात, आणि मग चहा मागतात.