रानम्हशीसाठी पत्र कोणी लिहायचे?

रानम्हशीच्या रक्षणासाठी आमदार-खासदारांना पत्रे लिहा, असे सिंदेवाही तालुक्यातल्या कार्यकर्त्याला सांगितले तर तो आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहील. 10 मे 2025 रोजी याच तालुक्यात, मेंढा-माल गावाजवळच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे जंगलात शिरल्याशिवाय ज्यांची चूल पेटत नाही आणि धान पोटरीत आले की ज्यांना रात्र-रात्र बांधीवर जागल करावी लागते, त्यांच्यापुढे वन्य पशूंचा कैवार घेणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणेच होय, असे त्याला वाटेल. तसे वाटण्यात त्याची काही चूक नाही.

तरीही ही पत्रे लिहिली गेली पाहिजेत, आणि ती मुंबई-पुण्याहून लिहिली जाण्याआधी सिंदेवाहीहून लिहिली गेली पाहिजेत. कारण पशूचे रक्षण कोणत्या रीतीने होणार, हे त्याच्यासाठी पत्र कोण लिहितो यावर पुष्कळ अंशी ठरते.

प्रथम हा प्राणी कोणता, ते नीट समजून घेतले पाहिजे. ताडोब्यात दिसणारा, पांढऱ्या पायमोज्यांचा गवा म्हणजे रानम्हैस नव्हे. रानम्हैस ही गोठ्यातल्या म्हशीची मूळपुरुषीण. लांब पसरलेली शिंगे, अवजड देह, आणि पाण्याशिवाय व गवताळ मैदानाशिवाय न जगणारी जात. एके काळी मध्य भारताच्या नदीखोऱ्यांत तिचे कळप हिंडत. आज जगात उरलेल्या रानम्हशींची संख्या चार हजारांच्या आत मानली जाते, आणि त्यातल्या बहुतेक आसामात आहेत. महाराष्ट्रात तिचा एकच ठाव उरला आहे : गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा वनविभागातील कोलामार्काचे जंगल. 1982 पर्यंत गडचिरोली चंद्रपूर जिल्ह्यातच होते. तेव्हा सिंदेवाही आणि कोलामार्का ही कालपरवापर्यंत एकाच जिल्ह्याच्या नकाशावरची दोन टोके होती, आणि जंगल व जंगलावर जगणारा माणूस या दोन्ही टोकांना आजही सारखाच आहे.

आता आक्षेपाकडे वळावे. माणसे मरत असताना जनावरांची चिंता कसली, असा प्रश्न चळवळीतले जबाबदार लोकही विचारतात. त्या प्रश्नात वाघ आणि रानम्हैस यांची सरमिसळ आहे. वाघाला बाजार आहे. त्याच्या दर्शनासाठी जिप्सी गाड्यांच्या रांगा लागतात आणि ताडोब्याच्या प्रवेशद्वारांभोवती रिसॉर्टे उभी राहतात. या उलाढालीत नफा एकाच्या पदरी पडतो आणि मृत्यू दुसऱ्याच्या, हे सिंदेवाहीला कोणी शिकवायला नको. रानम्हशीला मात्र बाजार नाही. तिला पाहण्यासाठी कोणी विमानाने येत नाही, तिच्या नावाने हॉटेल निघत नाही. ज्याचा पैसा होत नाही ते जगले काय आणि मेले काय, हा भांडवलशाहीचा न्याय माणसाला लागू होतो तसाच पशूलाही होतो. सरकारी बाबूला जेवढा तेंदू तोडणारी बाई दिसत नाही, तेवढीच कोलामार्काची म्हैसही दिसत नाही. या दोघींना एकमेकींविरुद्ध उभे करण्यात कोणाचे हित आहे, याचा विचार कार्यकर्त्यांनी करायला हवा.

शिवाय ज्या भागात धानाच्या चिखलणीला हल्यांची जोडी जुंपली जात असे, त्या भागाला मूळ बियाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. सिंदेवाहीला धानाचे संशोधन केंद्र आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी 1983 च्या सुमारास शेतातल्या काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्या जपल्या, वर्षानुवर्षे निवडल्या, आणि त्यातून एचएमटी धान जन्माला आले. शेतात ते वैविध्य नसते, तर त्यांची नजर निवडणार तरी काय होती? रानम्हैस ही म्हशीच्या जातीचे मूळ बियाणे आहे. गावच्या म्हशींशी संकर होत गेला, ढोरांचे रोग रानात पोचले आणि चराईची गवताळ जागा आटली, की हे बियाणे संपते. ते संपल्यावर काय होते, हे शेजारच्या छत्तीसगडने पाहिले आहे. उदंतीच्या अभयारण्यात एकच मादी उरली, तेव्हा तिच्या पेशींपासून कर्नालच्या प्रयोगशाळेत 2014 मध्ये क्लोन रेडकू जन्माला घालण्यात आले. ते वाढले नव्या रायपूरच्या जंगल सफारीत, कुंपणाआड. पुढे 2020 पासून आसामातून म्हशी आणाव्या लागल्या. रानम्हैस वाचवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याला 2012 मध्ये दिला होता. न्यायालयाचा आदेशही उशिरा येतो तेव्हा तो प्रयोगशाळेच्या दारात जाऊन थांबतो.

पत्रांनी काय होते, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर याच जंगलाच्या इतिहासात आहे. 1983 साली इंद्रावती-गोदावरीच्या खोऱ्यात भोपालपट्टणम आणि इचंपल्ली ही धरणे बांधण्याचा घाट घातला गेला होता. माडिया-गोंडांची गावे आणि विस्तीर्ण जंगल पाण्याखाली जाणार होते. बाबा आमटे यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहिले. विकासप्रकल्पांमुळे आदिवासींना आपली भूमी सोडावी लागते याबद्दल इंदिराजींनी उत्तरात खेद व्यक्त केला. एका पत्राने धरण अडले, असे कोणी म्हणू नये. त्यापाठोपाठ 1984 मध्ये ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनाने गावेच्या गावे उठली, लाल श्यामशाह महाराजांसारखे आदिवासी नेते पुढे झाले, आणि पत्राला पाठबळ मिळाले. त्या आंदोलनाच्या नावात जंगल आणि मानव हे दोन शब्द शेजारी होते, हे विसरता कामा नये. इंद्रावतीकाठच्या रानम्हशी आज उरल्या आहेत, त्यात त्या माणसांच्या लढ्याचा वाटा आहे.

सातासमुद्रापलीकडचे उदाहरणही बोलके आहे. अमेरिकेत रानघोडे पकडून कत्तलखान्याकडे पाठवले जात. नेव्हाडा राज्यातल्या वेल्मा जॉन्स्टन या कार्यालयीन सेक्रेटरीने 1950 साली अशा घोड्यांच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना पाहिले आणि त्याविरुद्ध मोहीम उघडली. शाळकरी मुलांनी काँग्रेसच्या सभासदांना पत्रांचा पाऊस पाडला. व्हिएतनाम युद्ध सोडले तर इतकी पत्रे कोणत्याच प्रश्नावर आली नव्हती, असे सांगतात. 1971 मध्ये दोन्ही सभागृहांनी रानघोड्यांच्या रक्षणाचा कायदा एकमताने मंजूर केला. परंतु गोष्ट इथे संपवली तर ती अर्धसत्य ठरेल. कायदा झाला, तरी कुरणे गुरांच्या धंदेवाल्यांबरोबर वाटून घ्यावीच लागली, आणि आज हजारो रानघोडे सरकारी कोंडवाड्यांत आयुष्य काढत आहेत. दया दाखवणारी पत्रे पुष्कळ होती. जमीन कोणाची, चारा कोणाचा, हा प्रश्न मात्र त्या पत्रांनी पुरेसा विचारला नाही.

कोलामार्काबाबत हाच प्रश्न आज उभा आहे. 2013 मध्ये सुमारे 180 चौरस किलोमीटरचे हे जंगल संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कायद्याने अशा क्षेत्राच्या समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. 2022 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्याला अभयारण्याचा दर्जा देण्यास मान्यता दिली. अभयारण्य म्हटले की हक्कांच्या चौकशीची सूत्रे जिल्हाधिकाऱ्याकडे जातात आणि गावांच्या पोटात गोळा उठतो. हा गोळा खोटा नाही; देशभरच्या विस्थापनाचा अनुभव त्यामागे आहे. शहरातला प्राणिमित्र पत्र लिहील, तेव्हा तो ‘जंगल मोकळे करा’ असे लिहिण्याची शक्यता अधिक. त्याच पत्रात ‘ग्रामसभेच्या संमतीने’ हे दोन शब्द कोण घालणार? ते घालणारा माणूस जंगलातल्या गावचाच असावा लागतो.

वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या कलम 5 ने वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. ग्रामसभा तो वापरते का, अशी शंका घेणाऱ्यांनी चंद्रपूर जिल्ह्याच्याच गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव पाहावे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या लोकांनी तेंदूपत्त्याचे हुकमी उत्पन्न आपण होऊन सोडले, कारण पत्त्यासाठी झाडे छाटावी लागतात आणि रान पेटवावे लागते. मालकीची जाणीव आली की राखण्याची बुद्धी आपोआप येते. कमलापूरचे हत्ती जामनगरला नेण्याची गोष्ट निघाली तेव्हाही वन्य पशूंच्या बाजूने उभे राहिले ते तिथलेच लोक, आणि ते हत्ती आज कमलापुरात आहेत. जंगलातला माणूस प्राण्यांचा वैरी, ही कथा खोटी आहे. ती रचणाऱ्यांना जंगलाचा कारभार स्वतःच्या हाती हवा असतो.

म्हणून पत्र नुसते भावनेचे नसावे. 1976 पासून वने आणि वन्यजीव हे विषय समवर्ती सूचीत आहेत. म्हणजे खासदार आणि आमदार दोघांनाही उत्तरदायी धरता येते. पत्रात मागण्या स्पष्ट असाव्यात. कोलामार्का परिसरातील प्रत्येक गावचे सामूहिक वनहक्क आधी मान्य करावेत आणि अभयारण्याचे पुढचे पाऊल त्यानंतरच ग्रामसभेच्या संमतीने उचलावे. गावच्या गुराढोरांचे लसीकरण सरकारी खर्चाने, वेळच्या वेळी व्हावे, म्हणजे रोग रानात जाणार नाही. चराईवर बंदी घालण्याआधी चाऱ्याची सोय व्हावी. कळपाला इंद्रावतीची हद्द कळत नाही, तेव्हा महाराष्ट्र आणि छत्तीसगड यांनी मिळून एक योजना आखावी. राखणदारीची कामे स्थानिक तरुण-तरुणींना, पूर्ण मजुरीने मिळावीत. आणि याच पत्रात सिंदेवाहीने आपली मागणीही निःसंकोच लिहावी : वाघाच्या तोंडी जाण्याची पाळी कोणावर येऊ नये यासाठी तेंदू-मोहाच्या हंगामात संरक्षण, आणि जंगलात न जाता जगता येईल असा रोजगार.

नागपूरला हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना यांसाठी आमदारांना विषय लागतात. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती लोकांच्या अर्जांसाठीच आहे. ग्रामसभेचा ठराव आणि त्यासोबत अंगठ्यांसह सह्यांचे पत्र, एवढी शिदोरी पुरेशी आहे. एक आमदार एक पत्र टोपलीत टाकू शकेल. वीस ग्रामसभांचे वीस ठराव त्याच्या मतदारसंघातून आले, तर टोपली पुरणार नाही.

मेंढा-मालच्या तीन स्त्रियांचे मरण आणि कोलामार्काच्या कळपाचे मरण यांत निवड करायला सांगणारी व्यवस्था दोघांचीही गुन्हेगार आहे. ती निवड नाकारणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे, आणि ते नाकारणारे पहिले पत्र सिंदेवाहीच्या टपालपेटीत पडले पाहिजे.