अब्रू त्याची, किंमत तिची

दिवाळीच्या अंकात हा विषय? हातात चकली असताना एचआयव्हीच्या गोष्टी? असे कोणी विचारील, हे मी धरूनच चाललो आहे. माझे उत्तर एवढेच, की ज्या घरांत हे घडते त्या घरांतही आकाशकंदील लागतात.

माझ्या ओळखीचा एक ट्रकवाला. गाव-नाव सांगत नाही. पाच वर्षांचा संसार. ताप हटेना, म्हणून सरकारी दवाखान्यात रक्त तपासले आणि एचआयव्ही निघाला. तिथल्या बाईंनी बजावले, "बायकोला सांगा, तपासणीला आणा, आणि निरोध वापरा." गडी घरी आला, जेवला, गप्प झोपला. पुढे वर्षभर गप्पच! मागाहून मला म्हणाला, "मास्तर, आजवर कधी निरोध वापरला नव्हता. एकाएकी आणला, तर ती विचारणार नाही का, आजच कशाला?"

त्या एका प्रश्नाला भिऊन त्याने बायकोला वर्षभर धोक्यात ठेवले. तिला दिवस गेले, रक्त तपासले, तेव्हा उलगडा झाला. आणि सासूने टाहो फोडला तो सुनेच्या नावाने! कारण घरात कागद आधी तिचा आला होता. नवरा तेव्हाही गप्पच. ती वेळेवर औषधाला लागली, म्हणून पोर निरोगी निपजले. मला तीच म्हणाली, "लिहा, मास्तर."

हा रोग होणे हा गुन्हा नव्हे. तो कसा झाला, याची चौकशी करणारा मी कोण? पण ठाऊक असून लपवायचे आणि त्या लपवण्याला 'अब्रू' म्हणायचे, हे कुठले पुरुषपण? अब्रू याची, आणि तिची किंमत बायकोने रक्ताने मोजायची!

आज तर सबबही उरलेली नाही. २००४ पासून सरकारी केंद्रांत औषध फुकट मिळते. २०११ साली नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाचा निकाल जाहीर झाला. त्यांत आपल्या पुण्याचीही जोडपी होती. औषध लवकर सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. औषध नेमाने घेऊन विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही, असे वैद्यक आज छातीठोकपणे सांगते. तिथवर पोहोचायला काही महिने लागतात. तोवर निरोध हवाच. ज्याला ठाऊक आहे त्याने खबरदारी घेतलीच पाहिजे, असे २०१७ चा कायदाही सांगतो.

पण त्या ट्रकवाल्याला शिव्या घालून आपण हात धुणार असू, तर तेही ढोंगच. तो गप्प का बसला? अशा घरातल्या पोराला वर्गात वेगळे बसवलेले त्याने पाहिले होते. अशा माणसाच्या घरचा चहा नाकारणारे आपणच होतो. चहाने, पंगतीने, हात हातात घेतल्याने हा रोग होत नाही, हे ठाऊक असूनही! तोच कायदा असा दुजाभाव करायला मनाई करतो, हे आपण सोयीने विसरतो. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून हे विषय मराठीत उघड मांडले, तर त्यांच्यावर खटले झाले. बोलणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला मान, ही आपली जुनीच रीत!

यंदा मी त्या घरी फराळाला जाणार आहे. तिच्या हातची करंजी खाणार आहे. वाचकहो, तुमच्याही गल्लीत असे एखादे घर असेल. तिथला उंबरठा आधी ओलांडा. मग त्या नवऱ्याला "खरे बोल" म्हणून दरडावण्याचा हक्क आपल्याला पोहोचेल.